बांधाबाहेरच्यांचं काय

४ नोव्हेंबर, मंगळवार. बारामती

सकाळी दात घासत होतो तेव्हा सुकन्यानं सांगितलं की दुसऱ्या एका ग्रहावर सजीव सापडलेत. मी चूळ भरली आणि विचारलं, नळ आला का. ग्रहांच्या बातम्या रोज येतात, नळ एक दिवसाआड येतो.

नंतर टीव्ही लावला तेव्हा कळलं की ही नेहमीची बातमी नाही. निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ एकत्र बसून सांगत होते की फार लांबच्या एका ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर जिवंत काहीतरी आहे आणि आता त्यात शंका उरलेली नाही. मात्र ते शेवाळ आहे, मासे आहेत की आपल्यासारखं कुणी आहे, हे इतक्या लांबून सांगता येत नाही. आपल्या हयातीत कळणारही नाही, असं एकजण हसत हसत म्हणाला. त्याला हसायला काय झालं होतं?

सिकंदरच्या बेकरीत पाव आणायला गेलो. उपासनेत तुकडा तुकडा करून मंडळीला देतो तो प्रभुभोजनाचा पाव चार वर्षं मी त्याच्याकडूनच घेतो आणि चार वर्षं तो मला फादर म्हणतो. मी फादर नाही, पाळक आहे, मला सुकन्या नावाची बायको आहे आणि ती तुझीच खारी खाते, हे सांगून माझं तोंड दुखलं. आज पाव बांधता बांधता त्यानं विचारलं, "फादर, आता तुमचं कसं?" माझं काय व्हायचंय, म्हटलं. तर म्हणाला, आमच्यात अल्लाला सगळ्या जगांचा मालक म्हणतात, तेव्हा जगं किती का निघेनात, आमची अडचण नाही. "पण तुमचा देव तर हितं येऊन गेला."

मी म्हणालो, आजचा पाव कडक दिसतोय. पण घरी येईस्तोवर त्याचं वाक्य डोक्यातून गेलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बिशपसाहेबांच्या कचेरीतून फोन आला. मार्गदर्शन येईपर्यंत कुठल्याही पाळकानं या विषयावर पुलपिटावरून, म्हणजे उपदेशात, बोलू नये. मार्गदर्शन कधी येणार, असं विचारलं तर समिती नेमली आहे म्हणाले. म्हणजे नाताळ उरकला.

९ नोव्हेंबर, रविवार. इंदापूर

दुसरा आणि चौथा रविवार माझा इंदापूरला असतो. तिथली मंडळी लहान, मोजकी घरं. छोटं चर्च, भोवती दगडी कुंपणभिंत, बाहेर कडुलिंब. पुरुष बाकांवर, बायका सतरंजीवर. मला वाटलं होतं आज प्रश्नांचा भडिमार होईल, म्हणून बसमध्ये उत्तरांची तयारी केली होती. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांच्या डोक्यात ऊसतोडीची टोळी कधी येणार एवढंच होतं.

फक्त छबूबाई थांबल्या. या वरकुटे गावच्या. पंचाहत्तरी ओलांडली असेल. आईबाप ख्रिस्ती, बोर्डिंगात शिकलेल्या, पण लग्न झालं म्हस्कू नावाच्या शेतकऱ्याशी, आणि त्यानं शेवटपर्यंत बाप्तिस्मा घेतला नाही. तो जाऊन सहा-सात वर्षं झाली असावीत, मी इथं येण्याआधीची गोष्ट. मूलबाळ नाही. म्हस्कूच्या पुतण्याच्या घरी राहतात. तरी एक रविवार चुकवत नाहीत. मंडळीत कुणाला विश्वासाचा दाखला द्यायचा झाला तर मी छबूबाईंचाच देतो.

माझा हात हातात धरून त्यांनी विचारलं, "पाळकसायेब, तितं सुवार्ता सांगाया कोनी गेलं न्हाय. मंग त्यांचं काय व्हनार?"

मी म्हटलं, शेवाळ असेल हो छबूबाई, शेवाळाला कसलं तारण.

"आन् मानसं असली तर?"

बघू तेव्हा, म्हटलं.

"आन् चांगली असली तर? दारू न्हाय, कुनाला शिवी न्हाय, कुनाचा बांध कोरला न्हाय. तर?"

मला हसूच आलं. शास्त्रज्ञांना तिथं पाय आहेत का शेपटी हे ठाऊक नाही आणि छबूबाईंना तिथं दारूबंदी असल्याचंही कळलं. घरी येऊन सुकन्याला सांगितलं. ती हसली नाही. तिला माझे विनोद हल्ली कळत नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हसण्यावारी नेलं खरं, पण त्यांचा प्रश्न काही मला सोडत नाही. आज दिवसभर त्याच्याशीच झगडत होतो.

समजा, तिथं माणसांसारखं कुणी आहे आणि त्यांनी पाप केलं आहे. मग त्यांच्यासाठी प्रभू तिथंही जन्मला आणि मेला का? प्रत्येक ग्रहावर एकेक गोठा आणि एकेक वधस्तंभ? पण आम्ही तर शिकवतो की तो एकदाच मेला आणि ते सगळ्यांना पुरलं. बरं, ते इथलं मरण त्यांनाही पुरतं म्हणावं, तर त्यांना ते कळणार कसं? सांगायला जाणार कोण? इथं मला वरकुट्याला जायला निमगाव केतकीहून रिक्षा मिळत नाही. आणि समजा, त्यांनी पापच केलेलं नाही. मग त्यांना आपल्या प्रभूची गरजच नाही, आणि हे तर मला सगळ्यात अवघड जातं.

माझ्याबरोबर शिकलेला एकजण आता सेमिनरीत शिकवतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, प्रार्थना कर आणि उपदेशात हा विषय घेऊ नकोस. मी म्हटलं, हे तर बिशपसाहेबांच्या कारकुनानंही सांगितलं.

एक गोष्ट इथं लिहून ठेवतो, कारण दुसरीकडं कुठं बोलता येत नाही. मला भीती वाटते आहे. आयुष्यभर जे सांगत आलो ते एका लहानशा गावापुरतं असेल तर?

१६ नोव्हेंबर, रविवार. इंदापूर

आज हंगामाचा सण. बारामतीचा मागच्या महिन्यात झाला, इंदापूरचा आज. ज्यानं त्यानं आपल्या रानातलं पहिलं पीक आणून वेदीपुढं ठेवायचं, आशीर्वाद झाला की बाहेर लिंबाखाली त्याचा लिलाव. आमचे सेक्रेटरी येशुदास भालेराव साखर कारखान्यातून रिटायर झाले आहेत, आणि लिलाव पुकारताना त्यांना वीस वर्षांनी तरणं वाटतं. एकेका पेरूवरून चुरस लागते, एकमेकांची टिंगल होते, डाळिंबाच्या पाट्या, कोंबड्या, अंडी, सगळं खपतं. नियम एकच. वेदीपुढं ठेवलेली वस्तू देवाची झाली. ती परत हवी असेल तर सगळ्यांबरोबर बोली लावून घ्यायची.

छबूबाईंची बाजरीच्या कणसांची पाटी दरवर्षी सगळ्यांत आधी येते. म्हस्कूच्या तुकड्यातली बाजरी. आजही पहिली तीच होती.

उपदेशात मी तो विषय घेतला. बोलू नये अशी सूचना असताना घेतला, कारण गेले आठ दिवस दुसरं काही सुचतच नव्हतं. आणि सांगायला हरकत नाही, उपदेश जमला. कधी नव्हे ते शेतकऱ्यांना कळेल असं बोललो. म्हटलं, मालक शेताला बांध घालतो तो उगाच घालत नाही. बांधाच्या आत पाणी आहे, राखण आहे, खुरपणी आहे, शेवटी मळणी आहे. बांधाबाहेर काय उगवतं, किती उगवतं, हिरवं दिसतं का पिवळं दिसतं, त्याच्याशी मालकाला कर्तव्य नाही. आदामाची लेकरं ती बांधाच्या आतली. बाकी आभाळात कुठं काय हालत असेल त्याची आपण चिंता करू नये, आणि आपण आत आहोत याबद्दल उपकार मानावेत.

बाकांवरच्या माना हलल्या. येशुदास तर डोळे मिटून डोलत होते.

मग शेवटचं गीत चालू असताना एक विचित्र गोष्ट झाली. छबूबाई सतरंजीवरून उठल्या, वेदीपाशी गेल्या, आपली पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि मधल्या वाटेनं सरळ दाराबाहेर निघून गेल्या. गीत अर्ध्यावर लटपटलं. असं आजवर कधी झालं नव्हतं. येशुदास मागं धावले, पण त्या थांबल्या नाहीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार. बारामती

कालच्या प्रकाराचा उलगडा झाला असं वाटतं. गेल्या वर्षी छबूबाईंच्या पाटीला बोली फार खाली लागली होती. म्हाताऱ्या माणसाच्या मनाला ते लागलं असणार. येशुदासांना फोन करून सांगितलं की पुढच्या वर्षी त्यांची पाटी वरून पुकारा. ते म्हणाले, पाटी आधी परत येऊ द्या, देवाची वस्तू उचलून नेली आहे बाईंनी, कमिटीपुढं घ्यावं लागेल.

२३ नोव्हेंबर, रविवार. इंदापूर

छबूबाई आल्या नाहीत. सतरंजीवरची त्यांची भिंतीकडची जागा कुणी घेतली नव्हती, मोकळीच होती. आजारी असतील म्हणून चौकशी केली तर गुरुवारी त्यांना निमगावच्या बाजारात वांगी घेताना पाहिल्याचं कळलं. बाजाराला ताकद आहे आणि उपासनेला नाही. मला राग आला.

घरी सुकन्या म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुम्ही काय बोललात ते एकदा वाचा." वाचलं. दोनदा वाचलं. दोष काढण्यासारखं काही नाही. उलट दोन ठिकाणी फारच चांगलं साधलं आहे. तसं तिला सांगितलं तर ती उठून धुणं वाळत घालायला गेली. वाळत घातलेलंच होतं, ते काढून पुन्हा घातलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज वरकुट्याला जाऊन आलो. निमगाव केतकीपर्यंत एसटीनं, पुढं एका ओळखीच्याच्या मोटारसायकलवर.

छबूबाई ओसरीत बसून कणसं चोळत होत्या. तीच पाटी होती. मला पाहून उठल्या, घोंगडी अंथरली, म्हस्कूच्या पुतण्याची मुलगी संस्कृती हिला चहा टाकायला सांगितला. ही पोरगी बारामतीला औषधांच्या दुकानात काम करते, सुट्टीला आली होती. चहा झाला, पाऊसपाणी झालं. मी लिलावाचा विषय काढला, मन मोठं ठेवावं वगैरे बोललो. त्या ऐकत होत्या आणि कणसं चोळत होत्या. मग विचारलं,

"पाळकसायेब, बांधाभायेर म्हंजी नेमकं कुठं?"

मला कळलं नाही.

"न्हाय, त्यो बसायचा तितंच का?"

मग त्यांनी सांगितलं. लग्न झाल्यापासून दर रविवारी म्हस्कू त्यांना सायकलीवर डबलसीट इंदापूरला घेऊन यायचा. रविवार त्याच्या खंडोबाचा. सकाळी अंघोळ करून देवापुढं भंडारा वाहायचा, कपाळाला लावायचा, आणि मग बायकोला येशूच्या देवळात घेऊन निघायचा. ती आत जायची आणि हा कुंपणाबाहेर लिंबाखाली बसायचा. उन्हातान्हात. सगळ्यांच्या चपलांवर लक्ष ठेवायचा. चर्चची कौलं फुटली की चढून बसवायचा. हंगामाच्या सणाची पाटी त्यानंच भरायची, कुंपणापर्यंत डोक्यावर आणायची, तिथून पुढं छबूबाईंनी. पन्नास वर्षं असं चाललं. आणि मग एका वैशाखात तो गेला. भाऊबंदांनी ओढ्याच्या काठी जाळला, रीतीप्रमाणं.

मी म्हटलं, छबूबाई, त्याला संधी तर होती. वचन कानावर पडतच होतं.

"भिताडाच्या पल्याड किती ऐकू येतंय?" त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "त्याला कुनी आत ये म्हनलंच न्हाय वो. कपाळाला भंडारा हुता म्हून. मी बी म्हनलं न्हाय. बोर्डिंगातल्या बाया हुत्या, मला लाज वाटायची."

संस्कृती दारात उभी राहून ऐकत होती. मी चहाचा कप खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. परग्रहाची बातमी ऐकली तेव्हापासून त्यांना एकच विचारायचं होतं, आणि मी त्यांना शेवाळ सांगत बसलो होतो.

निघताना मी प्रार्थना करू का म्हटलं. त्या म्हणाल्या, करा की. पण डोळे मिटले नाहीत. मी मध्येच डोळे उघडून पाहिलं म्हणून मला कळलं.

३० नोव्हेंबर, रविवार. बारामती

आगमनकाळाचा पहिला रविवार. देव माणूस होऊन पृथ्वीवर आला, हाच नाताळपर्यंतचा विषय. दरवर्षी मी हे डोळे मिटून सांगतो. आज 'पृथ्वीवर' या शब्दाशी अडलो. मंडळीला वाटलं घसा बसला, एकानं नंतर ज्येष्ठमध आणून दिलं.

सुकन्याला विचारलं, हे सगळं तुला आधीच कळलं होतं का? ती म्हणाली, पहिल्याच दिवशी, तुम्ही दारूबंदीचा विनोद सांगितलात तेव्हाच.

मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही त्यावरही उपदेश केला असता.

४ डिसेंबर, गुरुवार

संस्कृतीचा फोन. छबूबाईंना ताप आहे, छातीत कफ दाटलाय. इंदापूरला दवाखान्यात ठेवलं आहे. डॉक्टर म्हणतात वय झालंय, बघू.

७ डिसेंबर, रविवार

बारामतीची उपासना आटोपून इंदापूर गाठलं. येशुदास दवाखान्यातच होते, कमिटीच्या वतीनं. माझ्याजवळ आजाऱ्यांच्या प्रभुभोजनाची पेटी होती, तीत दोन लहान पेले, द्राक्षरसाची बाटली आणि सिकंदरचा पाव. इतक्या वर्षांत या बाईंनी प्रभुभोजन चुकवलेलं नाही. मी पेटी उघडली. छबूबाईंनी मान फिरवली.

"मला नगं."

मला वाटलं तोंड कडू झालं असेल. थोडं थांबून पुन्हा विचारलं.

"नगं म्हनलं न्हवं. तिकडं गेल्यावर त्यो दिसनार न्हाय. मंग मी तितं जाऊन काय करू? मला बी भायेरच ऱ्हाऊ द्या."

मी ठरवूनच गेलो होतो की वेळ आली तर सांगून टाकायचं, म्हस्कू तिथंच आहे, वाट बघतो आहे. मरणाऱ्या माणसाला असं सांगितल्यानं कुणाचं काय जातं? तसं बोललोही. छबूबाईंनी माझ्याकडं बघितलं. "शास्तरात हाय का?" असं विचारलं. मी पेटी बंद करू लागलो. त्या म्हणाल्या, "मला खुळी समजू नगा."

बाहेर व्हरांड्यात येशुदास म्हणाले, प्रभुभोजन नाकारून जे जातात त्यांना आपल्या दफनभूमीत जागा देण्याचा प्रश्न येतो, पाळकसाहेब, मी नियम सांगतो. म्हटलं, नियम मला ठाऊक आहेत. तेवढेच ठाऊक आहेत, असं म्हणायला हवं होतं.

९ डिसेंबर, मंगळवार

समितीचं मार्गदर्शन आलं. एक पान. देवाची सृष्टी अफाट आहे, विश्वासणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये. खाली तळटीप, नाताळचे अहवाल वेळेवर पाठवावेत. ते पान मी दोनदा उलटून पाहिलं, मागं काही आहे का म्हणून.

छबूबाईंना घरी नेलं आहे. त्यांनीच हट्ट धरला.

११ डिसेंबर, गुरुवार

मला काही सुचत नाही. शास्त्र चाळतो. दुसऱ्या कळपातल्या मेंढरांविषयी प्रभू बोलला आहे, तिथं थांबतो. वाटतं, हेच ते. मग वाटतं, माझ्या सोयीसाठी मी वाकवतो आहे. म्हस्कू स्वर्गात नाही असं म्हणायला जीभ उचलत नाही, आहे म्हणायला आधार नाही. त्या ग्रहावर कोण आहे हे न कळल्यानं माझं काही अडत नव्हतं. वरकुट्याच्या एका माणसाचं मला सांगता येत नाही.

सुकन्यानं विचारलं, नक्की काय अडलंय? सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही."

नाही.

"मग तसंच सांगा की त्यांना."

मी म्हटलं, पाळकानं मरणाऱ्या माणसाला जाऊन मला ठाऊक नाही असं सांगायचं असतं का? मग पाळक कशाला हवा? तिनं मेथीची काडी मोडली आणि म्हणाली, मी येते तुमच्याबरोबर.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळच्या गाडीनं दोघं गेलो. छबूबाईंना ओसरीतच बाजेवर निजवलं होतं, आत जीव घुसमटतो म्हणून. फार खाली गेल्या आहेत. श्वास मोजून घेतात. संस्कृती पायाशी बसली होती.

मी बाजेजवळ खाली बसलो. बोलायला सुरुवात केली ती पुलपिटावरच्या आवाजात झाली, मग थांबलो आणि साध्या आवाजात म्हटलं, छबूबाई, मला ठाऊक नाही. त्या ग्रहावरच्यांचं ठाऊक नाही आणि म्हस्कूचंही ठाऊक नाही. बांधाचं मी बोललो ते माझ्या मनचं होतं.

त्यांनी डोळे उघडले.

"मंग तवा का न्हाय म्हनलासा तसं?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुम्ही सगळे माझ्याकडं बघत होता."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. मी उठायच्या बेतात होतो, एवढ्यात त्यांनी हात बाजेवरून थोडा उचलला आणि म्हणाल्या, "आना हिकडं." मी पाण्याचा तांब्या पुढं केला. सुकन्यानं तांब्या काढून घेतला आणि पेटी माझ्या हातात दिली.

पेटी उघडली. प्रार्थना म्हटली. पावाचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. केवढासा तो तुकडा, अंगठ्याच्या नखाएवढा. छबूबाईंनी तो दोन बोटांत धरून मोडला. बोटांत बळ नव्हतं, दोनदा प्रयत्न करावा लागला. अर्धा तोंडात घातला. अर्धा डाव्या मुठीत घेऊन मूठ मिटली. मग द्राक्षरसाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "जावा आता. गाडी चुकंल."

घशाखाली उतरत नसेल, असं वाटलं. उरलेला पाव पाळकानंच संपवायचा असतो, म्हणून मी मुठीकडं हात केला. सुकन्यानं माझं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. संस्कृती आमच्याकडं बघत होती.

परतीच्या गाडीत सुकन्या खिडकीकडं तोंड करून बसली होती.

१४ डिसेंबर, रविवार. इंदापूर

पहाटे छबूबाई गेल्या. उपासना चालू असताना दाराशी संस्कृती आणि तिचे वडील येऊन उभे राहिले, त्यावरूनच कळलं.

माती दुपारी झाली. येशुदासांना मी आधीच सांगितलं होतं की काल त्यांनी प्रभुभोजन घेतलं, तेव्हा नियमाचा प्रश्न मिटला. अंघोळ आज माझ्याबरोबर आलेल्या सुकन्यानं आणि वरकुट्याच्या बायकांनी घातली. शवपेटी बंद करण्याआधी येशुदासांनी पाहिलं की डावी मूठ आवळलेली आहे. हात छातीवर जोडून ठेवायचे असतात, ते जोडता येईनात. त्यांनी संस्कृतीला विचारलं. ती म्हणाली, आज्जीनं रातभर सोडली न्हाय, मी दोनदा बघितलं.

येशुदासांनी मला भिंतीकडं नेलं. मुठीत काय आहे, पाळकसाहेब?

पाव आहे, मी म्हटलं. कालचा. घशाखाली उतरत नव्हता त्यांच्या, अर्धा राहिला.

मग तो काढायला पाहिजे, ते म्हणाले. बाप्तिस्मा झालेल्याशिवाय कुणाच्या हाती तो जाता कामा नये.

राहू द्या, मी म्हटलं. कुठं जाणार आहे तो.

त्यांना पटलं नाही, पण त्यांनी झाकण आणायला सांगितलं. एक हात उघडा आणि एक मिटलेला, तशाच छबूबाईंना आम्ही खाली उतरवलं. मी नेहमीचे शब्द म्हटले. ते म्हणताना सुकन्या समोर उभी होती आणि मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

घरी येऊन हे लिहितो आहे. येशुदासांना मी सांगितलं की उतरत नव्हता. रसाचा घोट मात्र त्यांनी चांगला घेतला होता, तो मी पाहिला होता. अर्धा पाव त्यांना लिंबाखाली बसणाऱ्याला न्यायचा होता.